पुढच्या अंकापर्यंतचे तीस दिवस

(परळमध्ये तरुण लेखक-चित्रकारांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी माझी ओळख 'चित्रकथालेखक' अशी करून दिली. ऐकायला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सोमवार ते शुक्रवार मी सॉफ्टवेअर इंजिनीअर असतो आणि चित्रकथा हे शनिवार-रविवारचं काम आहे. गोष्ट मी लिहितो, चित्रं माझा मित्र काढतो. लालबागच्या एका चाळीतल्या पोरांची ही क्रमशः गोष्ट. महिन्याला आठ पानं, साधा कागद, एका रंगात छपाई. परळ, लालबाग, दादरच्या काही शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये आम्ही ती स्वतः नेऊन देतो. आतापर्यंत आठ अंक निघालेत.

त्यामुळे मोठ्या लेखकासारखं मार्गदर्शन वगैरे माझ्याकडून होणार नाही. मला बोलायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल. 'क्रमशः' हा शब्द छापून झाला की पुढचा अंक येईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळाबद्दल. त्या दिवसांत लेखक वाचकाच्या समोर नसतो, पण गोष्ट चालूच असते. आपण वाचकाच्या डोक्यात जे ठेवून गेलो, ते तिथं वाढत असतं. आणि आपलं पात्र इम्रान नावाचं असेल तर ते काय वाढतं, याचा विचार जरा जास्तच करावा लागतो. त्याकडे मी येतो.

आपल्या भाषेला हा प्रकार नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' हप्त्याहप्त्यानं येऊ लागली. आज आपण ती कादंबरी सलग वाचतो. त्या वेळच्या माणसानं यमूचं दुःख थोडं थोडं घेतलं असणार. एक हप्ता वाचायचा, मग कामाला जायचं, घरात आपल्याच बहिणीशी, सुनेशी बोलायचं, आणि पुन्हा यमूकडे यायचं. मधले दिवस ती त्या घरात राहायलाच यायची म्हणा ना. मला वाटतं, त्या कादंबरीनं जे काम केलं त्यातलं बरंचसं या मधल्या दिवसांनी केलं.

उर्दूत इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. फरीदी आणि हमीद यांची नवी कादंबरी कधी येते याची लोक वाट बघत. १९६० च्या सुमारास लेखक आजारी पडले आणि जवळजवळ तीन वर्षं लिहिणं थांबलं. १९६३ मध्ये ते परत आले तेव्हा वाचक होते तिथंच होते. तीन वर्षांचा 'क्रमशः' सहन करणारा वाचक! आणि इकडे गिरगावात बाबूराव अर्नाळकर. म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही त्यांची माणसं, आणि पुस्तकं हजारावर. आमच्या घरी दोन्ही वाचले जायचे. नाना उर्दू वाचायचे आणि मामू मराठी. दोघंही एकमेकांच्या हेराला कमी लेखायचे.

मामू लालबागला राहायचा, गिरणीत होता. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते, मराठी आणि काही हिंदी. मी वाचायला लागलो तोवर इंद्रजाल बंद पडलं होतं. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियानं ते सुरू केलं. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक झालं आणि १९९० मध्ये संपलं. म्हणजे माझ्या हाती आलं ते सगळं मागचं. त्यात सलग असं काहीच नव्हतं. कुठल्या गोष्टीचा पहिला भाग नाही, कुठे मधली पानं गायब. मामूनं यातले निम्मे भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातून आणलेले आणि परत न केलेले, असा माझा दाट संशय आहे.

ही भाड्याची पद्धत समजून घ्या, कारण लेखकानं तिच्यापासून शिकण्यासारखं आहे. गिरगाव, लालबाग, परळ भागात अशी छोटी दुकानं होती. थोडी अनामत ठेवायची, दिवसाचं भाडं द्यायचं, जो अंक जागेवर असेल तो घ्यायचा. पाचवा अंक कुणी नेला असेल तर तुम्ही सहावा न्यायचा. म्हणजे प्रत्येक अंक हा कुणाचा तरी पहिला अंक असायचा. आजही तेच आहे. आमचा सहावा अंक वाचनालयात उचलणाऱ्या मुलीला पहिले पाच माहीत असतील असं मी धरूनच चालत नाही.

याचं उत्तर वेताळाच्या गोष्टीत फार सोपं दिलेलं होतं. ली फॉकनं तो १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रासाठी सुरू केला. कवटीच्या गुहेची, शपथेची, पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या मुखवट्याची ती हकीकत पुन्हा पुन्हा सांगितली जाते. दोन-तीन चौकटींत. जुना वाचक ती आरतीसारखी पुटपुटतो आणि नवा वाचक आत येतो. नव्याला दार आणि जुन्याला कंटाळा नाही, हे दोन्ही जमणं अवघड असतं. आमच्या कामात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या आवृत्तीवर असलेल्या माणसाचं काम अडता कामा नये असा एक दंडक आहे. तो पाळताना जेवढी डोकेफोड होते तेवढीच इथं होते.

जाता जाता एक गंमत. वर्तमानपत्रातल्या दैनिक पट्टीत रोज तीन-चार चौकटी. पहिली चौकट कालची आठवण द्यायची, शेवटची उद्याची ओढ लावायची. गोष्ट पुढे सरकायची ती मधल्या जागेत. अशा पट्ट्या कापून, जुळवून इंद्रजालची पानं व्हायची. आपल्याकडे काही नावंही बदलली. 'बेंगाला' हे नाव बंगालच्या फार जवळचं म्हणून 'डेंकाली' झालं. तुम्ही जुना अंक नीट पाहिलात तर कधी कधी जोड दिसतो. माणूस एका चौकटीत दचकतो आणि पुढच्या चौकटीत पुन्हा त्याच कारणानं दचकतो. तिथं मूळ पट्टीत एक रात्र गेलेली असते.

आता ज्याच्यासाठी मी मामूची ट्रंक उपसायचो तो बहादूर. १९७६ मध्ये तो इंद्रजालमध्ये आला. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. केशरी कुर्ता आणि जीन्स. मुखवटा नाही, कसली दैवी शक्ती नाही. बाप भैरवसिंग दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीनं गेलेला. मुलाला वाढवलं ते विशाल या पोलीस अधिकाऱ्यानं. मोठा होऊन बहादूर गावातल्या साध्या नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. त्याच्या बरोबरीला बेला असते, आणि हाणामारीत ती त्याच्यापेक्षा कमी नाही.

क्रमशः लिहिणाऱ्यानं या मांडणीकडे जरा बघावं. दरोडेखोर येणार, पकडला जाणार, अंक संपणार. ही एका अंकाची गोष्ट झाली. पण बहादूर दरोडेखोराचा मुलगा आहे ही गोष्ट कुठल्याच अंकात संपत नाही. समोर बंदूक घेऊन उभा असलेला प्रत्येक माणूस त्याच्या बापासारखा असू शकतो. लेखकानं ते दर वेळी बोलून दाखवायची गरजच नाही. वाचक ते सोबत घेऊन येतो. नायकाच्या अंगावर असं एखादं न फिटणारं देणं ठेवलं की अंकामागून अंक लिहिता येतात. पुढे बहादूर जगजीत उप्पल यांनी लिहिला तरी तो चालला, याचंही कारण माझ्या मते हेच आहे.

हा नायक ज्यानं लिहिला तो आबिद डोंगरीत वाढलेला, हे मामूला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आपल्याच वाडीतला निघाला की!" लालबाग ते डोंगरी ही वाडी कशी होते ते मामूलाच ठाऊक.

आबिद सुरतींचा जन्म १९३५ चा, गुजरातेतला. लहानपणीच ते मुंबईला आले, पुढे जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. त्यांनी मुलाखतींतून सांगितलेली एक आठवण अनेकांनी वाचली असेल. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, परदेशी सैनिकांच्या गाड्या बंदराकडून जायच्या आणि पोरं त्यांच्या मागे धावायची. सैनिक खाऊ फेकायचे. एकदा कुणीतरी कॉमिक फेकलं. सगळी पोरं त्यावर तुटून पडली, पुस्तक फाटलं, आणि आबिदच्या हातात एकच पान आलं, मिकी माऊसचं. ते बघून बघून ते चित्र काढायला शिकले.

एक पान. मागचं माहीत नाही, पुढचं माहीत नाही. बाकीची पानं इतर पोरांच्या खिशात. क्रमशः गोष्टीचा याहून चांगला धडा कुठल्या वर्गात मिळेल असं मला वाटत नाही.

'धर्मयुग'मधला त्यांचा ढब्बूजी मात्र वेगळ्या जातीचा. तीसेक वर्षं चालला, पण त्यात क्रमशः काही नव्हतं. प्रत्येक आठवड्याला नवा विनोद, ढब्बूजी तोच. आपला चिंटूही तसाच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केला, आणि तो मोठा झाला नाही. अशा पात्राला काल काय घडलं याचं ओझं नसतं. ती एक वेगळी आणि कठीण कला आहे, मला ती येत नाही.

आता इम्रान.

आमच्या गोष्टीत चार पोरं आहेत, त्यातला एक इम्रान. आठवीत. पहिल्या कच्च्या चित्रात मित्रानं त्याला जाळीची टोपी घातली होती. मी विचारलं, हा आज नमाजाला चाललाय का? तो म्हणाला, नाही, पण कळायला नको का? मी म्हटलं, नाव इम्रान आहे, कळेल. मग ठरलं की शुक्रवारचा प्रसंग असेल तर टोपी, एरवी सगळ्यांसारखे विस्कटलेले केस. मित्राच्या मनात काही वाकडं नव्हतं. आपल्याकडच्या चित्रकथांत, सिनेमांत मुसलमान पात्र येतं तेव्हा ते काहीतरी सिद्ध करायलाच येतं. एक तर ते जिवावर उदार होऊन नायकासाठी मरतं, नाहीतर शेवटी गुन्हेगार निघतं. एकाच गोष्टीत, दोन-तीन प्रसंगांत त्याला सगळ्या समाजाचा जबाब द्यायचा असतो. बिचाऱ्याला उशिरा यायला, गणितात नापास व्हायला, फालतू विनोद करायला वेळच मिळत नाही.

क्रमशः गोष्टीत वेळ असतो. पहिल्या चार अंकांत इम्राननं काय केलं सांगतो. क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर बाद झाला. गच्चीवरच्या टाकीत पडलेली मांजर काढली आणि ती त्यालाच चावली. शिट्टी वाजवायला शिकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मित्राच्या आजीला रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवला, कारण तिला दिसत नाही आणि हा बातम्यांत स्वतःच्या दोन बातम्या घुसवतो. मी याला पात्राचं खातं म्हणतो. वाण्याकडे असतं तसं. दर महिन्याला थोडं थोडं जमा होत जातं.

पाचव्या अंकात आम्ही त्या खात्यातून काढायचं ठरवलं. प्रसंग गणपतीच्या वर्गणीचा. चाळीतली पोरं पावतीपुस्तक घेऊन हिंडतात, इम्रानही त्यांच्यात. पावत्यांचा हिशोब करताना साठ रुपये कमी भरतात. मित्रानं शेवटच्या चौकटीचं चित्र आधीच काढून ठेवलं होतं. खजिनदारकाका नोटा मोजून थांबलेत, आणि खोलीतले सगळे चेहरे इम्रानकडे वळलेत. खाली 'क्रमशः'. फार सुंदर चित्र होतं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. आणि म्हटलं, इथं अंक संपवायचा नाही.

कारण हिशोब करून बघा. कादंबरीत अशा जागी पान उलटायला दहा सेकंद लागतात. आमच्या वाचकाला तीस दिवस लागणार. तीस दिवस त्या मुलाच्या डोक्यात एकच प्रश्न: इम्राननं चोरलं का? आणि ज्याच्या हाती सहावा अंक कधी पडणारच नाही, त्याच्यापुरती गोष्ट तिथंच संपली. अशी एकसुटी पानं आपल्या शहरात पुष्कळ फिरतात. त्यांचा पुढचा अंक कुणी वाचत नाही.

दुसरी वाट म्हणजे इम्रान धुतल्या तांदळासारखा दाखवायचा. पैसे दुसऱ्यानं घेतले, इम्रान मित्राला वाचवायला गप्प राहिला. टाळ्या. पण मग चार महिने जमवलेला मुलगा गेला आणि पुतळा उरला.

आम्ही असं केलं. चौथ्या पानावर वाचकाला दाखवलं की इम्रानच्या सायकलची ट्यूब फाटली आणि त्यानं वर्गणीतले साठ रुपये पंक्चरवाल्याला दिले. शुक्रवारी मामाकडून मिळणाऱ्या पैशांतून परत ठेवायचा त्याचा विचार आहे. हिशोब मात्र एक दिवस आधी होतो. मित्राची ती सुंदर चौकट सहाव्या पानावर गेली. तिथं इम्रान खोटं बोलतो, "एक पावती हरवली असेल." शेवटच्या चौकटीत तो घराच्या उंबऱ्याबाहेर बसलाय, आत आई शाळेचा शर्ट घडी करतेय. खाली 'क्रमशः'. चाळीला संशय आहे आणि वाचकाला खरं माहीत आहे. चाळ विचारते, हा कसा मुलगा आहे? वाचक विचारतो, हा आता कुणाला सांगेल? दोन्ही प्रश्नांत ओढ सारखीच आहे. पण दुसरा प्रश्न घेऊन महिना काढणारा मुलगा इम्रानच्या शेजारी उंबऱ्यावर बसलेला असतो.

छापण्याआधी दोन माणसांनी आम्हाला थांबवलं, दोघंही भल्या मनानं. एक आमच्याच नात्यातले. ते म्हणाले, "बाहेर काय कमी बदनामी आहे, की तुम्हीही आपला पोरगा खोटं बोलताना दाखवता?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या नावावरून घर भाड्यानं मिळत नाही तो माणूस असं विचारणारच. मी त्यांना पहिले चार अंक वाचायला दिले. इम्रान पाचव्याच अंकात पहिल्यांदा आला असता तर मी हा प्रसंग लिहिला नसता, हेही सांगितलं. त्यांनी वाचले. पटलं असं म्हणाले नाहीत. "मांजर चावते ते चांगलं आहे," म्हणाले.

दुसरे लालबागमधल्या एका मंडळाचे जुने कार्यकर्ते. त्यांचं म्हणणं, वर्गणी क्रिकेटची करा, कशाला गणपतीची? मलाही क्षणभर सोपं वाटलं. मग मित्र म्हणाला, आमच्या गल्लीत पावतीपुस्तक घेऊन इम्रान, अस्लम सगळेच फिरायचे, ते खोडायचं का? क्रिकेट केलं असतं तर गोष्टीतून धोका गेला असता आणि त्याच्याबरोबर इम्रानची त्या चाळीतली जागाही गेली असती. गणपतीच ठेवला. त्या कार्यकर्त्यांनी नंतर अंकाच्या वीस प्रती मागून नेल्या.

आम्ही अंकाच्या मागे एक रिकामी चौकट छापतो, वाचकांनी काही लिहून वाचनालयात द्यावं म्हणून. पाचव्या अंकाच्या वेळी जेवढे कागद आले तेवढे त्याआधी कधी आले नव्हते. मुलं चोर शोधत बसली नव्हती, सल्ले देत होती. "आईला सांग, बाबांना नको." "सायकल विक." "आजीला सांग, ती ओरडत नाही." एका मुलीनं विचारलं होतं की पंक्चरचे साठ रुपये कसे, तिच्या इथे कमी घेतात. (ट्यूब बदलली, असं सहाव्या अंकात घालावं लागलं.) आणि एका कागदाला दहाची नोट टाचलेली होती, खाली नाव नाही. ती कुणाला परत करायची ते कळलं नाही. मित्रानं आपल्या चित्रांच्या वहीत ठेवली आहे.

सहाव्या अंकात इम्रान आजीला सांगतो. आजीचा सल्ला मी आधी वेगळा लिहिला होता, मुलांचे कागद वाचल्यावर बदलला. क्रमशः लिहिण्यातला हा फायदा कादंबरीवाल्यांना नाही. मात्र एक काळजी घेतो. वाचक सांगतील ते सगळं करायचं नाही. पुष्कळांना खजिनदारकाकांनी इम्रानची माफी मागावी असं वाटत होतं. काका तसे नाहीत. ते पुढच्या वर्षी पुन्हा पावतीपुस्तक इम्रानच्याच हातात देतील, आणि आदल्या दिवशी हिशोब मागणार नाहीत. त्यांना एवढंच जमतं, आणि ते दाखवायला मला वर्षभर थांबावं लागेल.

आता आमच्या दोघांत एक वाद सुरू आहे, तो तुमच्यासमोर ठेवतो, कारण इथं चित्रकार जास्त आहेत. मित्राला वाटतं, पोरं चिंटूसारखी आहेत त्याच वयाची राहावीत; वाचकांनाही ती अशीच आवडतात. मला वाटतं, त्यांनी वाचकांबरोबर वाढावं. वेताळानंसुद्धा डायनाशी लग्न करायला १९७७ उजाडू दिलं, एक्केचाळीस वर्षं घेतली, पण केलं. जूनमध्ये इम्रान नववीत जायला हवा. दोन वर्षांनी दहावी. मग कॉलेज, मग नोकरीचे अर्ज, मग एखाद्या अंकात तो नव्या गावी खोली बघायला जाईल आणि घरमालक त्याचं नाव विचारेल. मित्र म्हणतो, तिथवर त्याला न्यायचंच कशाला? त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे आज पक्कं उत्तर नाही. नवव्या अंकाची कच्ची पानं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. त्यात इम्रानची उंची आम्ही थोडी वाढवली आहे, मित्राच्या पसंतीपेक्षा जास्त आणि माझ्या पसंतीपेक्षा कमी. बघा आणि सांगा. कुणाचे प्रश्न असतील तर आता घेऊ.